रेघांच्या बाहेरचं टेनिस कोर्ट

टेनिस कोर्टाला जागा किती लागते, असं विचारलं की बहुतेक जण पुस्तकातलं माप सांगतात: 78 फूट लांब, 36 फूट रुंद. माप बरोबर आहे. पण तेवढीच जागा राखून कोर्ट बांधलं तर त्यावर टेनिस खेळता येणार नाही. बेसलाइनजवळ (कोर्टाच्या टोकाच्या रेघेजवळ) टप्पा पडून उंच उसळलेला चेंडू घ्यायला खेळाडू सहज आठ-दहा फूट मागे जातो, आणि कडेला मारलेल्या चेंडूमागे धावताना तो साइडलाइनच्या बराच बाहेर जाऊन थांबतो. तिथे भिंत किंवा कुंपण असेल तर एक तर तो चेंडू सोडून देईल, नाही तर खांदा फोडून घेईल.

म्हणून आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या स्पर्धांसाठी बेसलाइनच्या मागे 21 फूट आणि साइडलाइनच्या बाहेर 12 फूट मोकळी जागा लागते. दोन्ही बाजूंची मिळून बेरीज केली की 120 फूट बाय 60 फूट हे पूर्ण माप येतं. क्षेत्रफळात सांगायचं तर रेघांच्या आत 2,808 चौरस फूट आणि एकूण 7,200 चौरस फूट. म्हणजे ज्याला आपण कोर्ट म्हणतो तो आयत एकूण जागेच्या चाळीस टक्क्यांहूनही कमी असतो. हौशी खेळासाठी महासंघ मागे 18 आणि कडेला 10 फुटांवर भागवायला मान्यता देतो. त्याखाली जाऊ नये असं माझं ठाम मत आहे. जागा कमी पडत असेल तर दोन कोर्टांऐवजी एकच बांधावं. दोन अरुंद कोर्टांवर कोणीच मनासारखं खेळत नाही.

हा सगळा लेख त्या उरलेल्या साठ टक्क्यांकडे आणि रेघांच्या खाली काय आहे तिकडे जाणार आहे. पण आधी रेघा.

मापं कुठून आली

मीटरमध्ये पाहिलं तर कोर्टाची मापं विचित्र वाटतात: लांबी 23.77, दुहेरीची रुंदी 10.97, एकेरीची 8.23, नेटपासून सर्व्हिस लाइन (सर्व्हिसचा चेंडू जिच्या आत पडावा लागतो ती रेघ) 6.40. फुटांत मांडली की ती लगेच सुटसुटीत होतात, कारण मुळात ती फुटांतच ठरली. 78 फुटांच्या मधोमध नेट, म्हणजे प्रत्येक बाजूला 39. त्यातले नेटपासून सर्व्हिस लाइनपर्यंत 21 आणि तिथून बेसलाइनपर्यंत 18. एकेरीचं कोर्ट 27 फूट रुंद, त्याच्या दोन्ही कडांना साडेचार-साडेचार फुटांच्या पट्ट्या जोडल्या की दुहेरीचं 36. सर्व्हिसचा प्रत्येक चौकोन 21 बाय साडेतेरा फूट. एवढं पाठ केलं की अख्खं कोर्ट डोक्यात बसतं.

1874 साली वॉल्टर क्लॉप्टन विंगफील्ड यांनी ज्या खेळाचं पेटंट घेतलं त्याचं कोर्ट वाळूच्या घड्याळासारखं होतं, नेटपाशी अरुंद आणि टोकांना रुंद. 1877 च्या पहिल्या विम्बल्डन स्पर्धेसाठी सरळ आयत आखला गेला, 78 बाय 27 फुटांचा. तोच आजचा एकेरीचा आयत. बदललं ते आतलं. तेव्हा सर्व्हिस लाइन नेटपासून 26 फुटांवर होती आणि नेट खांबांपाशी तब्बल 5 फूट उंच होतं. पुढच्या काही वर्षांत सर्व्हिस लाइन 21 फुटांवर आली आणि नेट खाली उतरलं. लाकडी रॅकेट गेली, सर्व्हिसचा वेग कुठल्या कुठे पोचला, तरी तो आयत दीडशे वर्षं तसाच आहे.

रेघ कुठून मोजायची

आखणीत सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो. नियम असा की सर्व मापं रेघेच्या बाहेरच्या कडेपर्यंत धरायची. रेघ ही कोर्टाचाच भाग असते. चेंडू तिला नुसता चाटून गेला तरी आत. आता समजा, दोरी बरोबर 36 फुटांवर ताणली आणि रंगाऱ्याने दोन इंचांची रेघ दोरीच्या बाहेरून मारली. झालं, दोन्ही बाजूंचे मिळून कोर्ट चार इंचांनी रुंद झालं. दिसायला काही कळत नाही, पण प्रत्येक निसटता चेंडू चुकीचा ठरणार. त्यामुळे रंगाचा डबा उघडायच्या आधी मास्किंग टेप दोरीच्या कुठल्या बाजूला चिकटवली आहे, हे स्वतः वाकून पाहावं. सर्व्हिसचे चौकोन विभागणारी मधली रेघ आणि बेसलाइनवरची मध्यखूण मात्र मध्याच्या दोन्हीकडे निम्मी-निम्मी येते, कारण तिथे दोन समान भाग करायचे असतात.

जाडीचेही नियम आहेत. मधली सर्व्हिस लाइन आणि मध्यखूण 2 इंच रुंद. मध्यखुणेची लांबी 4 इंच. बाकीच्या रेघा 1 ते 2 इंच, फक्त बेसलाइन 4 इंचांपर्यंत चालते. सगळ्या रेघांचा रंग एकच हवा आणि जमिनीच्या रंगावर तो उठून दिसायला हवा.

कोर्ट गुण्यात आहे की नाही हे तपासायला कर्ण मोजावा. नेटच्या एका बाजूचा अर्धा भाग 39 बाय 36 फूट, म्हणून त्याचा कर्ण 53 फूट आणि जेमतेम एक इंच भरायला हवा (16.18 मीटर). दोन्ही कर्ण मोजायचे. ते सारखे आले तर कोपरे काटकोनात आहेत. एक अर्धा इंच जास्त आणि दुसरा अर्धा इंच कमी आला तर आयत तिरपा झालाय, दोरी सरकवून पुन्हा मोजायचं. पूर्ण कोर्टाचा कर्ण 85 फूट 11 इंच येतो, तोही शेवटी ताडून घ्यावा. मोजायला पोलादी टेप घ्यावी. कापडी टेप ओढली की ताणते, आणि पन्नास फुटांवर तो ताण इंचात दिसतो.

नेट: मध्ये तीन, कडेला साडेतीन

नेट मध्यभागी 3 फूट आणि खांबांपाशी साडेतीन फूट उंच असतं. खांब दुहेरीच्या साइडलाइनच्या 3 फूट बाहेर असतात, म्हणजे खांबापासून खांबापर्यंत 42 फूट. मध्ये एक पांढरा पट्टा नेटला खाली ओढून जमिनीतल्या कडीत अडकवलेला असतो. या पट्ट्याकडे फार थोडे लोक लक्ष देतात, आणि खेळ मात्र त्याच्यावर ठरतो. तिरका फटका मध्यावरून जातो, जिथे नेट सहा इंचांनी खाली असतं. शिवाय एकेरीच्या कोर्टात कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचं अंतर साडेब्याऐंशी फूट असतं, सरळ रेषेपेक्षा साडेचार फूट जास्त. अडचणीत सापडलास तर तिरकं मार, असं प्रशिक्षक सांगतात त्यामागे हे गणित आहे. पट्टा सैल झाला आणि मधली उंची दोन इंचांनी वाढली तर ते गणितच मोडतं.

दुहेरीच्या नेटवर एकेरी खेळताना एकेरीच्या साइडलाइनपासून 3 फूट बाहेर दोन टेकू काठ्या लावायच्या असतात, साडेतीन फूट उंचीच्या. त्या नसल्या तर साइडलाइनवर नेट सुमारे एक इंचाने खाली राहतं आणि रेघेलगत मारलेला सरळ फटका फुकट सोपा होतो.

नेट ताणताना हात आवरावा. मधली उंची सरळसोट दिसावी म्हणून हँडल गच्च फिरवत राहायचं, असं खूप ठिकाणी पाहिलंय. सगळा ताण खांबांवर येतो, ते आत झुकायला लागतात आणि त्यांच्या पायाभोवती पृष्ठभागाला भेगा जातात. पट्टा सोडल्यावर मध्य तीन फुटांच्या थोडा वर राहील एवढाच ताण पुरतो. उरलेलं काम पट्ट्याचं. मधली उंची तपासायला तीन फुटांची काठी नेटपाशीच टांगून ठेवावी. ती नसेल तर रॅकेट उभी धरून तिच्या टोकावर दुसरी आडवी ठेवायची युक्ती चालते: 27 इंचांची रॅकेट आणि वर साधारण 9 इंचांचं तोंड.

खरा शत्रू पाणी

कोर्ट सपाट असावं असं सगळ्यांना वाटतं. चांगलं कोर्ट सपाट नसतं, ते एका प्रतलात असतं आणि त्याला ढाळ असतो. डांबरी किंवा काँक्रीटच्या कोर्टाला दर दहा फुटांना सुमारे एक इंच, म्हणजे एक टक्क्याच्या आत-बाहेर. तो एका साइडलाइनकडून दुसऱ्या साइडलाइनकडे द्यायचा. साठ फुटांच्या रुंदीत सहा इंचांचा फरक पडतो आणि खेळणाऱ्याला तो जाणवतही नाही. पाण्याला मात्र जाणवतो.

काही ठिकाणी नेटखाली उंचवटा ठेवून दोन्ही बेसलाइनकडे ढाळ देतात, पाणी दोन्हीकडे लवकर वाहून जावं म्हणून. हे कधीही करू नये. तसं केल्यावर नेटची उंची बेसलाइनवर उभ्या असलेल्या माणसासाठी वेगळी होते. उलटं, नेटकडे ढाळ दिला तर नेटखालीच तळं साचतं. एक प्रतल, एक दिशा, आणि ज्या कडेला पाणी जाणार तिथे चर. वरच्या अंगाला टेकाड किंवा उंच जमीन असेल तर तिकडचं पाणी कोर्टाखाली शिरू नये म्हणून त्या बाजूलाही चर हवा. कोर्टाखालून येणारं पाणी दिसत नाही, म्हणून ते जास्त नुकसान करतं.

ढाळ नीट झालाय का, हे कळायला कागदावरचा आकडा पुरत नाही. पृष्ठभागावर भरपूर पाणी सोडायचं आणि उन्हाच्या दिवशी तासभर थांबायचं. तासाभराने बहुतेक कोर्ट सुकून फिकट झालेलं असतं आणि मध्येच काही गडद, चकचकीत ठिपके उरतात. त्या डबक्यात एक पातळ नाणं आडवं ठेवायचं. नाणं बुडून वरून पाणी दिसत असेल, म्हणजे खोली साधारण दीड मिलिमीटरच्या पुढे असेल, तर ती जागा भरून काढायची. खडूने पाण्याच्या कडेकडेने गोल काढून ठेवायचा, कारण सुकल्यावर तो खड्डा डोळ्याला अजिबात सापडत नाही. मी हे काम करताना गुडघ्यांवर बसून तिरप्या उजेडात पाहतो. उभं राहून निम्मे ठिपके सुटतात. आणि ही परीक्षा रंग चढवायच्या आधी झाली पाहिजे. रंगानंतर भरलेला खड्डा ठिगळासारखा कायम दिसत राहतो, आणि त्यावर चेंडूचा टप्पाही बदलतो.

घाई हा दुसरा शत्रू. नव्या काँक्रीटला रंगाआधी 28 दिवस द्यावे लागतात, नव्या डांबराला निदान दोन आठवडे. काँक्रीटच्या खाली ओल अडवणारा प्लास्टिकचा जाड कागद घातला नाही तर जमिनीतली वाफ वर येते आणि वर चढवलेल्या अॅक्रिलिक रंगाच्या थराला फोड येतात. उद्घाटनाची तारीख आधी ठरवून कोर्ट बांधणाऱ्यांना हे फोड वर्षभरात भेटतात. भेगांचंही तसंच. वरून भरलेली भेग रंगाखाली झाकली जाते, पण तळाची जमीन हलत असेल तर ती त्याच जागी परत उघडते. भेग भरणं ही डागडुजी आहे, दुरुस्ती नव्हे, हे पैसे देणाऱ्याला आधीच सांगावं.

पृष्ठभाग निवडताना

महासंघाने पृष्ठभागांचे वेगानुसार पाच वर्ग केले आहेत, संथपासून वेगवानपर्यंत. टप्प्यानंतर चेंडूचा वेग किती कमी होतो आणि तो किती उसळतो, यावरून एक आकडा काढतात. 29 किंवा कमी म्हणजे संथ, 45 किंवा जास्त म्हणजे वेगवान. अॅक्रिलिक कोर्टाचा वेग रंगात मिसळलेल्या वाळूवर बराच अवलंबून असतो. वाळू खरखरीत असली की चेंडू जास्त अडतो. म्हणजे ‘हार्ड कोर्ट’ (डांबर किंवा काँक्रीटवर असा रंग दिलेलं कोर्ट) हा एक वेग नाही, तो ठरवून घ्यायचा असतो. खेळणारे बहुतेक प्रौढ आणि नवशिके असतील तर संथ घ्यावा, त्यांच्यातली चेंडूची देवाणघेवाण लांबते आणि त्यांना गोडी लागते.

लाल मातीच्या कोर्टाची गंमत अशी की ती मातीच नसते. रोलां गारोसला, म्हणजे फ्रेंच ओपन स्पर्धेच्या मैदानावर, दिसतो तो लाल रंग विटांच्या भुकटीचा, आणि तो थर एक-दोन मिलिमीटरचाच असतो. खाली कुटलेला चुनखडक, मग कोळशाची राख, मग खडी, मग मोठे दगड. खेळ वरच्या भुकटीवर चालतो आणि पाणी खालचे थर धरून ठेवतात. विम्बल्डनचं गवत म्हणजे 2001 पासून निव्वळ बारमाही रायगवत, स्पर्धेत 8 मिलिमीटर उंचीवर कापलेलं.

निवड करताना लोक खेळाडूंना विचारतात, कोणता पृष्ठभाग आवडतो. मी आधी विचारतो, पहाटे कोर्टावर कोण येणार आहे? मातीचं कोर्ट रोज माणूस मागतं. हार्ड कोर्ट रोज फारसं काही मागत नाही, पण चार ते आठ वर्षांनी एकदम मोठी रक्कम मागतं, कारण रंगाचे थर तेवढ्यात झिजतात. दरवर्षी त्यासाठी थोडी रक्कम बाजूला काढून ठेवली नसेल तर कोर्ट गुळगुळीत होतं, ओलं असताना पाय घसरतात, आणि तरीही लोक खेळत राहतात.

मातीच्या कोर्टावर भुकटी सारखी करायला जमिनीवरून जाळं ओढतात, त्यात एक चूक हमखास होते. माणूस बेसलाइन ते बेसलाइन नीट फिरतो आणि बाहेरची जागा सोडून देतो. भुकटी हळूहळू रेघांबाहेर सरकत जाते, तिथे बोटभर उंचीचा बांध तयार होतो, आणि पुढच्या पावसात पाणी त्या बांधामागे, म्हणजे कोर्टातच अडतं. म्हणून जाळं कुंपणापासून सुरू करून गोल गोल फिरत आत यायचं आणि मध्यावर उचलायचं. त्याआधी घसरल्याने पडलेले खोल चर पायाने दाबून भरून घ्यायचे. नुसत्या जाळ्याने ते झाकले जातात, भरत नाहीत. मग रेघा झाडायच्या, मग पाणी. कोरड्यावर जाळं ओढलं तर भुकटी हवेत जाते, चिखलावर ओढलं तर ढेकळं होतात. मुठीत घेतली तर दमट लागेल पण हाताला चिकटणार नाही, इतपत ओल असावी.

हार्ड कोर्टाचं रोजचं काम पाला उचलण्याचं. ओला पाला पडून राहिला की डाग उतरतो, आणि सावलीच्या कोपऱ्यात शेवाळ धरतं. तिथे मऊ ब्रश आणि पाणी. तारेचा ब्रश रंग ओरबाडतो. सायकल, स्केट आणि खुर्च्यांचे लोखंडी पाय कोर्टावर येऊ देऊ नयेत.

उजेड, कुंपण, दिशा

कोर्टाची लांबी उत्तर-दक्षिण ठेवतात, सकाळ-संध्याकाळचा सूर्य खेळाडूच्या डोळ्यात जाऊ नये म्हणून. दिव्यांचे खांब कोर्टाच्या लांब बाजूंना असावेत, बेसलाइनमागे कधीच नसावेत. सर्व्हिससाठी चेंडू उंच फेकणारा थेट दिव्यात पाहतो. सरावाला साधारण 200 ते 300 लक्स आणि वरच्या पातळीच्या सामन्यांना 500 लक्स धरतात, पण सरासरीपेक्षा उजेड सगळीकडे सारखा असणं महत्त्वाचं. छताखालच्या कोर्टाला आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी नेटवर 30 फूट मोकळी उंची लागते. कुंपण दहा फुटांचं बरं. त्याला वाऱ्यासाठी कापड लावणार असाल तर खांब आधीपासून तेवढे मजबूत घ्या, कारण कापड लावलेलं कुंपण वाऱ्यात शिडासारखं ताण घेतं. दार नेटच्या रेषेत ठेवावं. बेसलाइनमागे ठेवलं तर येणारा-जाणारा चालू खेळात शिरतो.

वेळापत्रक

चार कोर्टं दिवसाला चौदा तास उघडी ठेवली तर 56 कोर्ट-तास होतात. ऐकायला भरपूर वाटतात. पण लोकांना हवे असतात पहाटेचे तीन आणि संध्याकाळचे चार, म्हणजे खरी ओढाताण 28 तासांवरच. प्रशिक्षणवर्ग त्याच वेळात बसवले की सदस्य नाराज, बाहेर काढले की शाळेतली मुलं येऊ शकत नाहीत. माझ्या मते किती कोर्टं वर्गांना आणि किती खुली, हे वर्षाच्या सुरुवातीला लिहून भिंतीवर लावलं की रोजची भांडणं मिटतात. एकेरीला तास, दुहेरीला दीड तास, आणि मातीच्या कोर्टावर शेवटची दहा मिनिटं जाळं ओढायला, हे त्या वेळेतच धरायचं.

पावसानंतर कोर्ट कधी उघडायचं, हा निर्णय एकाच माणसाचा असावा. ओल्या मातीवर दोघे उत्साही वीस मिनिटं खेळले तर त्यांच्या पायांचे ठसे सुकून खड्डे होतात आणि ते काढायला सकाळ जाते. दाराजवळचं कोर्ट सगळ्यात आधी झिजतं, कारण मोकळं दिसलं की प्रत्येक जण तिथेच शिरतो. म्हणून नोंदणी करताना कोर्टं आळीपाळीने द्यावीत. एक वही मात्र हवीच: कुठल्या तारखेला कुठल्या कोर्टावर काय दिसलं. भेग गेल्या वर्षी दोन फुटांची होती आणि आता पाच फुटांची आहे, हे वहीच सांगू शकते.

लहान मुलांसाठी वेगळं कोर्ट बांधायची गरज नसते. ती लाल चेंडूने खेळतात, जो नेहमीच्या चेंडूपेक्षा 75 टक्के संथ असतो. त्यासाठी साधारण 36 फूट बाय 18 फुटांचं कोर्ट आणि 80 सेंटिमीटरचं नेट लागतं. हे दोन्ही आकडे आपण वर पाहिलेत. 36 फूट ही दुहेरीच्या कोर्टाची रुंदी, आणि 18 फूट म्हणजे सर्व्हिस लाइन ते बेसलाइन. मोठ्या कोर्टाच्या मागच्या पट्टीत, आडवं, लहान कोर्ट काठोकाठ बसतं. दुसरं सर्व्हिसच्या चौकोनांत आणि त्यांच्या कडेच्या पट्ट्यांत. नेटच्या दोन्ही बाजू धरून चार होतात. मागचं कोर्ट बेसलाइनबाहेरच्या मोकळ्या जागेत थोडं सरकवलं की दोन्हींमध्ये मुलांना पळायला अंतर राहतं, आणि दोन्ही टोकांना, मोठ्या कोर्टाच्या कडेला सोडलेले ते बारा फूट असतातच.